स्ट्रोकनंतरचा रक्ताचा अहवाल: दाहाचे आणि ऑक्सिडेटिव्ह ताणाचे आकडे कसे वाचावेत?

मेंदूच्या झटक्याने, म्हणजे स्ट्रोकने, रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाच्या नातेवाइकांच्या हाती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तचाचण्यांचा लांबलचक अहवाल येतो. साखर, सोडियम, क्रिएटिनिन या ओळखीच्या नावांखाली कुठेतरी ‘सीआरपी’ असे लिहिलेले असते, त्याच्यापुढचा आकडा ठळक छापलेला असतो आणि शेजारी वर जाणारा बाण असतो. घरातले कोणीतरी ते नाव मोबाइलवर शोधते, आणि दाह, फ्री रॅडिकल, ऑक्सिडेटिव्ह ताण, मृत्यूचा वाढलेला धोका असे शब्द एकामागून एक समोर येतात. बिघाड मेंदूत झाला असताना रक्तात दाह कसला? बाण वर गेला म्हणजे रुग्ण खालावतो आहे का? आणि दाह असेलच, तर तो शमवणारे औषध का दिले जात नाही? हे प्रश्न रास्त आहेत, आणि वॉर्डातल्या घाईत त्यांना पुरेसा वेळ मिळत नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचे सगळे विवेचन तिच्यावर उभे आहे. या चाचण्यांमध्ये आकडा किती आला याच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्याही आधी, रक्ताचा नमुना केव्हा घेतला हे पाहावे लागते. झटक्याच्या कित्येक महिने आधी, झटक्यानंतरच्या पहिल्या काही तासांत आणि त्यानंतर तीन-चार दिवसांनी घेतलेल्या रक्तात तोच आकडा आला, तरी त्याचे अर्थ तीन वेगवेगळे असतात.

रक्तपुरवठा थांबतो तेव्हा काय होते?

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असते, पण स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर जेवढा प्राणवायू वापरते त्यातला सुमारे २० टक्के एकट्या मेंदूला लागतो. एवढी गरज असूनही मेंदूजवळ इंधनाचा साठा जवळजवळ नसतो. मेंदूला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, की जे होते त्याला स्ट्रोक म्हणतात. बहुतेक स्ट्रोक गुठळीमुळे होतात आणि हा लेखही मुख्यतः त्यांच्याविषयीच आहे. मोठी वाहिनी बंद पडलेल्या स्ट्रोकमध्ये उपचार न मिळाल्यास दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब जेफ्री सेव्हर या मेंदूविकारतज्ज्ञांनी २००६ मध्ये मांडला होता.

सगळा भाग मात्र एकदम मरत नाही. रक्त पूर्ण तुटलेला गाभा काही मिनिटांत जातो. त्याच्याभोवतीच्या पट्ट्याला शेजारच्या वाहिन्यांमधून थोडेफार रक्त मिळत राहते, त्यामुळे तिथल्या पेशी काम थांबवून कशाबशा तग धरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आणि नळी घालून गुठळी बाहेर काढण्याची प्रक्रिया हे दोन्ही उपचार या तग धरलेल्या पट्ट्यासाठीच असतात. तो पट्टा वाचेल की गाभ्यात जमा होईल, हे रक्त किती लवकर परत येते यावर ठरते; पण काही अंशी ते आणखी दोन घडामोडींवरही अवलंबून असते, आणि त्यांच्याच खुणा आपण रक्तात शोधतो.

दाह म्हणजे मदतीला आलेल्यांची गर्दी

दाह म्हणजे इजा झालेल्या जागी शरीराने पाठवलेली बचाव-मोहीम. बोटाला काटा लागल्यावर जागा लाल होते, गरम होते, सुजते. मेंदूतही तत्त्वतः तेच घडते, फक्त ते बाहेरून दिसत नाही. मरणाऱ्या पेशी फुटतात आणि एरवी पेशीच्या आत दडलेली द्रव्ये बाहेर सांडतात. मेंदूतल्या रखवालदार पेशी ती ओळखतात आणि इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ यांसारखे रासायनिक निरोप सोडतात. हे निरोप रक्तात पोहोचतात, आणि काही तासांतच रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्या भागाकडे धाव घेतात.

या पेशी मेलेल्या ऊतींचा कचरा उचलतात, म्हणून त्यांची गरज असते. परंतु कोसळलेल्या इमारतीजवळ बघ्यांची आणि मदत करणाऱ्यांची एकत्र गर्दी झाली, की रुग्णवाहिकेलाच वाट मिळत नाही, तशी अवस्था इथे होते. न्यूट्रोफिल सूक्ष्म वाहिन्यांमध्ये अडकून त्या तुंबवतात. त्यांनी सोडलेली विकरे, विशेषतः एमएमपी-९ नावाचे विकर, मेंदू आणि रक्त यांच्यामधली अतिशय घट्ट विणीची भिंत कुरतडतात. ती भिंत झिरपू लागली की मेंदूला सूज येते, आणि कधीकधी त्या भागात रक्तस्रावही होतो.

याच निरोपांपैकी इंटरल्युकिन-६ रक्तावाटे यकृतापर्यंत पोहोचते, आणि यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच सीआरपी, तयार करू लागते. मेंदूतल्या घटनेची बातमी पोटातल्या यकृताने रक्तात जाहीर करावी, असा हा प्रकार आहे. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन १९३० मध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना सापडले. न्यूमोनियाच्या जिवाणूच्या ‘सी’ नावाच्या घटकाशी ते प्रतिक्रिया करते, म्हणून त्याचे नाव तसे पडले. ही जन्मकथा लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण स्ट्रोकच्या रुग्णाचा सीआरपी वाढलेला दिसतो तेव्हा न्यूमोनियाची शंका आजही आधी घ्यावी लागते.

ऑक्सिडेटिव्ह ताण: ठिणग्या आणि काजळी

शरीरातली प्रत्येक पेशी प्राणवायूच्या मदतीने ऊर्जा निर्माण करते, आणि या कामात थोड्या ठिणग्या उडतातच. या ठिणग्या म्हणजे प्राणवायूचे अतिशय चंचल, मिळेल त्या रेणूवर तुटून पडणारे अवतार. त्यातल्या बऱ्याचशांना फ्री रॅडिकल म्हणतात. पेशी त्या विझवण्याची व्यवस्थाही बाळगून असते. जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये शोधलेले सुपरऑक्साइड डिसम्युटेज, म्हणजे एसओडी, हे विकर त्या व्यवस्थेतले महत्त्वाचे शिलेदार आहे; कॅटलेज, ग्लुटाथायोन ही त्याची साथीदार मंडळी. ठिणग्या जास्त आणि विझवणारे कमी, असा तोल गेला की त्या स्थितीला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. हेल्मुट सीज या जर्मन शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये ही संज्ञा रूढ केली.

मेंदू या बाबतीत नाजूक आहे. त्यात सहज ऑक्सिडीकरण होणारी मेदाम्ले भरपूर असतात, लोह असते, आणि विझवणाऱ्या विकरांपैकी कॅटलेज तिथे तुलनेने कमी असते. त्यात एक विरोधाभासही आहे. रक्त बंद असताना जेवढ्या ठिणग्या उडतात त्यापेक्षा मोठा भडका रक्त परत सुरू होताना उडू शकतो. बराच वेळ गेलेली वीज एकदम आल्यावर दाबाचा धक्का बसून उपकरणे जळावीत, तसे काहीसे हे आहे. प्राणवायूला उपाशी राहिलेल्या पेशींच्या ऊर्जाकेंद्रांत अर्धवट वापरलेली द्रव्ये साठलेली असतात, आणि प्राणवायू परत येताच ती झपाट्याने जळू लागतात. म्हणून गुठळी काढू नये, असा निष्कर्ष कोणी काढू नये. रक्त परत न आल्यास होणारे नुकसान याच्या कितीतरी पट मोठे असते.

या ठिणग्या थेट मोजणे जवळजवळ अशक्य असते. त्यातल्या हायड्रॉक्सिल रॅडिकलचे आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागाइतके असते. रक्त काढून नळीत घेईपर्यंत तो कधीच संपलेला असतो. म्हणून प्रयोगशाळा ठिणगी मोजत नाही, तिने मागे ठेवलेली काजळी मोजते. मेदाच्या रेणूंची नासाडी झाल्यावर मॅलॉनडायअल्डिहाइड, थोडक्यात एमडीए, उरते. डीएनएला इजा झाली की त्याचे तुटके तुकडे रक्तात व लघवीत उतरतात.

अहवालातले आकडे एकेक करून

रुग्णालयात सर्वांत जास्त दिसतो तो सीआरपी. त्याच्या चालीची तीन वैशिष्ट्ये माहीत असली, तर बरेचसे गोंधळ टळतात. इजा झाल्यानंतर साधारण ६ तासांनी तो वाढू लागतो, सुमारे ४८ तासांनी शिखरावर पोहोचतो, आणि कारण दूर झाल्यावर दर १९ तासांनी निम्मा होत उतरतो. चुलीवरच्या मोठ्या पातेल्यातल्या पाण्यासारखा तो उशिरा तापतो आणि उशिरा निवतो. खालची ज्योत म्हणजे इंटरल्युकिन-६, जी लगेच भडकते आणि लगेच मंदावते. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. झटका आल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत घेतलेल्या रक्तातला वाढीव सीआरपी त्या झटक्याबद्दल काहीच सांगत नसतो, कारण झटक्यामुळे वाढायला त्याला वेळच मिळालेला नसतो. तो त्याआधीच्या शरीराबद्दल बोलतो: जुना संसर्ग, संधिवात, स्थूलता, धूम्रपान, किंवा वाहिन्यांच्या भिंतींत वर्षानुवर्षे धुमसत असलेला मंद दाह.

अहवाल वाचताना एककही जरूर पाहावे. काही प्रयोगशाळा सीआरपी दर लिटरमागे मिलिग्रॅममध्ये देतात, तर काही दर डेसिलिटरमागे. दुसऱ्या पद्धतीतला १ म्हणजे पहिल्या पद्धतीतले १०. दोन प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवून ‘एका दिवसात दहापट वाढला’ म्हणून घाबरून जाण्याआधी हे तपासलेले बरे. ‘एचएस-सीआरपी’ हे काही वेगळे प्रथिन नव्हे. तेच प्रथिन अगदी कमी प्रमाणात असतानाही अचूक मोजणारी ती चाचणी आहे.

दुसरा आकडा कोणत्याही वेगळ्या चाचणीविना, रक्तपेशींच्या नेहमीच्या गणनेतूनच काढता येतो: न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी. न्यूट्रोफिल ६० टक्के आणि लिम्फोसाइट ३० टक्के असतील तर गुणोत्तर २ येते. ८४ आणि ८ असतील तर साडेदहा. स्ट्रोकनंतर हे गुणोत्तर दोन्ही बाजूंनी वाढते. दाहामुळे न्यूट्रोफिल वाढतात, आणि मेंदूवरच्या आघाताने कॉर्टिसोलसारखी ताणाची संप्रेरके उसळल्यामुळे लिम्फोसाइट घटतात. अंश वाढतो, छेद घटतो, म्हणून हे गुणोत्तर एवढे संवेदनशील ठरते. गुणोत्तर जास्त असलेल्या रुग्णसमूहांमध्ये पुढची प्रकृती अधिक वाईट राहते, असे अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळले आहे.

ऑक्सिडेटिव्ह ताणाच्या चाचण्या मात्र अजून मुख्यतः संशोधनातच आहेत, आणि माझ्या मते त्या तिथेच असणे सध्या योग्य आहे. एमडीए मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत रक्तद्रव एका रसायनाबरोबर तापवतात आणि उमटणाऱ्या गुलाबी रंगाची तीव्रता मोजतात. अडचण अशी, की त्या रसायनाशी रक्तातली इतर द्रव्येही तोच रंग देतात, आणि तापवण्याच्या क्रियेतच थोडे एमडीए नव्याने तयार होते. १९९० मध्ये शोध लागलेली आयसोप्रोस्टेन ही द्रव्ये अधिक विश्वासार्ह आहेत, परंतु ती अचूक मोजायला महागडी उपकरणे लागतात.

विझवणाऱ्या विकरांचे आकडे वाचणे तर आणखी अवघड. एसओडी कमी आले, तर त्याचा अर्थ काय? आगीशेजारची वाळूची बादली रिकामी दिसली, तर ती आग विझवताना रिकामी झाली की मुळात भरलेलीच नव्हती, हे नुसती बादली पाहून कळत नाही. उलट, ताण वाढल्यावर पेशी ही विकरे जास्त प्रमाणातही बनवू शकतात. तेव्हा जास्त आकडा हे चांगले लक्षण आहे की संकटाचे, हाही प्रश्नच राहतो. स्ट्रोकच्या रुग्णांमध्ये एसओडी काही अभ्यासांत घटलेले आणि काहींत वाढलेले आढळते, त्याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण साधे आहे: हे विकर तांबड्या पेशींमध्ये विपुल असते, त्यामुळे रक्त काढताना किंवा नेताना पेशी फुटल्या, तर आकडा उगाचच फुगतो.

आकडा वाढला म्हणजे रुग्णाची आशा सोडायची का?

मुळीच नाही. ‘सीआरपी जास्त असलेल्यांमध्ये मृत्यू जास्त’ हे वाक्य समूहाबद्दल खरे असते. तुमच्या माणसाबद्दल त्यातून फार थोडे कळते. शंभर रुग्णांची सरासरी आणि दुसऱ्या शंभरांची सरासरी यांत फरक असला, तरी दोन्ही गटांतले आकडे एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळलेले असतात. जास्त आकडा असूनही चालत घरी गेलेले रुग्ण असतात, आणि कमी आकडा असूनही न सुधारलेलेही असतात.

शिवाय मोठा स्ट्रोक म्हणजे जास्त मेलेल्या पेशी, म्हणून जास्त दाह, म्हणून जास्त आकडा. तेव्हा तो आकडा बऱ्याच प्रमाणात आपल्याला आधीच ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा सांगत असतो. रुग्णाचे वय काय, आणि तपासणीत हात, पाय, बोलणे, दृष्टी, शुद्ध यांवर किती परिणाम दिसतो, या दोन गोष्टींवरून डॉक्टर जो अंदाज बांधतात, त्यात इंटरल्युकिन-६ किंवा सीआरपी मिळवल्याने अंदाजाची अचूकता फारशी वाढत नाही, असे हा प्रश्न काटेकोरपणे तपासणाऱ्या संशोधकांना दिसले आहे. संशोधनपत्रिकेतला ‘लक्षणीय संबंध’ आणि खाटेशेजारी उपयोगी पडणारी माहिती यांत हे अंतर असते. बातम्यांमध्ये ते बहुधा गळून जाते, आणि घाबरलेल्या कुटुंबाला त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून ते इथे मुद्दाम सांगितले.

मग रक्ताच्या एका थेंबातून स्ट्रोक ओळखता येणार नाही का?

दाहाच्या खुणांवरून तरी नाही. संसर्ग, हृदयविकाराचा झटका, अपघात, शस्त्रक्रिया या सगळ्यांमध्ये याच खुणा वाढतात. धूर दिसला म्हणजे काहीतरी जळते आहे एवढे कळते; कुठल्या घरात आणि काय, ते कळत नाही. गुठळीचा स्ट्रोक आणि रक्तस्रावाचा स्ट्रोक यांचे उपचार परस्परविरुद्ध असतात: पहिल्यात रक्ताची गुठळी विरघळवायची, दुसऱ्यात तेच औषध प्राणघातक. हा निवाडा आज मेंदूचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतो.

याच कारणासाठी दाहाच्या चाचण्यांचे अहवाल येईपर्यंत उपचार थांबवले जात नाहीत, आणि थांबवूही नयेत. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सामान्यतः झटक्यानंतर साडेचार तासांच्या आत द्यायचे असते. अमेरिकेतल्या स्ट्रोकविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार ते देण्याआधी प्रत्येक रुग्णात अनिवार्य असलेली रक्तचाचणी एकच: साखर. कारण साखर फार खाली गेल्यानेही हुबेहूब स्ट्रोकसारखी लक्षणे दिसू शकतात. बाकीच्या चाचण्या महत्त्वाच्या असल्या, तरी रक्तस्रावाचा विकार किंवा रक्त पातळ करणारी औषधे असा काही खास संशय नसेल, तर त्यांच्यासाठी घड्याळ थांबवायचे नसते.

आशादायक दिसणारी खूण दाहाच्या यादीबाहेरची आहे. जीएफएपी हे मेंदूच्या आधारपेशींमधले प्रथिन रक्तस्रावाच्या स्ट्रोकमध्ये लवकर आणि भरपूर बाहेर पडते, तर गुठळीच्या स्ट्रोकमध्ये उशिरा. रुग्णवाहिकेतच हा फरक ओळखता येईल का, यावर काम चालू आहे.

सीआरपी आग लावतो की फक्त धूर दाखवतो?

हा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत होता, आणि त्याचे उत्तर ज्या पद्धतीने मिळाले ती मला विलक्षण सुंदर वाटते. काही लोकांमध्ये जन्मजात जनुकीय फरकामुळे सीआरपी आयुष्यभर इतरांपेक्षा जास्त असतो. सीआरपी स्वतःच वाहिन्या खराब करत असेल, तर या लोकांमध्ये हृदयविकार आणि स्ट्रोक जास्त आढळायला हवेत. ते तसे आढळले नाहीत. याउलट, इंटरल्युकिन-६ चा निरोप जन्मतः थोडा क्षीण पोहोचतो अशा लोकांमध्ये हृदयाच्या वाहिन्यांचा आजार कमी आढळला. म्हणजे धग ज्योतीत आहे. पातेल्यातले पाणी ती किती मोठी आहे हे दाखवते.

धूर उपयोगी नसतो असे मात्र नाही. निरोगी दिसणाऱ्या माणसात एचएस-सीआरपी दर लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर भविष्यातला धोका कमी, १ ते ३ मध्ये मध्यम आणि ३ च्या वर जास्त, अशी विभागणी अमेरिकेत २००३ मध्ये सुचवली गेली. १० च्या वर गेल्यास ती मोजपट्टी लावायचीच नाही, कारण तेव्हा बहुधा एखादा ताजा संसर्ग किंवा इजा असते. झटक्यानंतरच्या आठवड्यातला ४० किंवा ६० हा आकडा या मोजपट्टीवर ठेवून कोणी अर्थ लावू लागले, तर ती सरळ चूक आहे. २००८ मध्ये जाहीर झालेल्या जुपिटर या औषध-चाचणीत कोलेस्टेरॉल फारसे नसलेल्या, पण एचएस-सीआरपी २ किंवा त्याहून जास्त असलेल्या १७,८०२ लोकांपैकी ज्यांना रोसुव्हास्टॅटिन दिले, त्यांच्यात स्ट्रोक सुमारे निम्म्याने कमी झाले. तथापि ते औषध कोलेस्टेरॉल आणि सीआरपी दोन्ही उतरवते, त्यामुळे श्रेय कोणाचे हे त्या एका चाचणीतून वेगळे काढता येत नाही.

दाह एवढा वाईट, तर तो दाबणारे औषध का देत नाहीत?

प्रयत्न झाले आहेत, आणि त्यांतून वैद्यकाने मोठी किंमत देऊन धडे घेतले आहेत. न्यूट्रोफिलना वाहिनीच्या भिंतीला चिकटू न देणारे एन्लिमोमॅब नावाचे प्रतिपिंड ६२५ रुग्णांच्या चाचणीत वापरले गेले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की औषध मिळालेल्यांची स्थिती अधिक वाईट झाली आणि त्यांच्यात मृत्यूही जास्त झाले. ते प्रतिपिंड उंदरापासून बनवलेले होते, आणि शरीराने त्यालाच परके मानून उलट दाह वाढवला असावा, हे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. स्टेरॉइडचाही गुठळीच्या स्ट्रोकमध्ये नेहमीचा उपचार म्हणून फायदा सिद्ध झालेला नाही.

अलीकडचे उदाहरण कोल्चिसिन या गाऊटवरच्या जुन्या औषधाचे. २०२४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. चीनमधल्या एका चाचणीत सीआरपी वाढलेल्या ८,३४३ रुग्णांना झटक्यानंतर लगेच सुरू करून ९० दिवस ते किंवा तसेच दिसणारे निष्क्रिय औषध दिले. नव्याने स्ट्रोक येण्याचे प्रमाण अनुक्रमे ६.३ आणि ६.५ टक्के, म्हणजे फरक नाहीच. युरोप व कॅनडासह १३ देशांतल्या दुसऱ्या चाचणीत सुमारे ३,१०० रुग्णांना ते दीर्घकाळ दिले. तिथे पुन्हा स्ट्रोक किंवा हृदयविकाराची घटना घडण्याचे प्रमाण ९.८ विरुद्ध ११.७ टक्के राहिले, पण हा फरक योगायोगाचा नाही असे ठामपणे म्हणता येण्याइतका तो नव्हता. औषध घेणाऱ्यांचा सीआरपी मात्र खरोखर खाली आला होता. आकडा उतरवणे आणि रुग्णाला वाचवणे या दोन गोष्टी आपोआप एक होत नाहीत, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

खरी अडचण वेळेची आहे. पहिल्या दोन दिवसांत नासधूस करणाऱ्या याच पेशी आणि हेच निरोप पुढच्या आठवड्यांत मलबा उचलतात, नव्या वाहिन्या उगवायला आणि जोडण्या पुन्हा जुळायला मदत करतात. मोहीम सरसकट बंद केली, तर दुरुस्तीही थांबण्याची भीती असते.

आणि अँटिऑक्सिडंट गोळ्या?

तर्क मोहक आहे: ठिणग्या जास्त झाल्या, तर विझवणारे द्रव्य बाहेरून द्यावे. एनएक्सवाय-०५९ हे नेमके असेच औषध होते. २००६ मधल्या पहिल्या मोठ्या चाचणीत त्याने आशा दाखवली. २००७ मध्ये सुमारे ३,३०० रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत ती आशा मावळली. यूरिक ॲसिड हे रक्तातले नैसर्गिक अँटिऑक्सिडंट असल्यामुळे स्पेनमध्ये ते शिरेतून देऊन पाहिले. २०१४ च्या निकालात उत्तम सुधारणा झालेल्यांचे प्रमाण ३९ विरुद्ध ३३ टक्के होते, आणि हा फरकही निर्णायक ठरला नाही. अपवाद म्हणता येईल असे एडारावोन हे औषध जपानमध्ये २००१ पासून स्ट्रोकसाठी मान्यताप्राप्त आहे आणि आशियातल्या काही देशांत वापरले जाते; पाश्चात्त्य देशांत ते स्ट्रोकच्या उपचारात रुजलेले नाही.

दुकानातून स्वतःहून आणलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांबद्दल अधिक सावध राहायला हवे. ई जीवनसत्त्वाच्या ९ चाचण्यांचे, १,१८,७६५ लोकांचे एकत्रित विश्लेषण २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात गुठळीचे स्ट्रोक १० टक्क्यांनी कमी, पण रक्तस्रावाचे स्ट्रोक २२ टक्क्यांनी जास्त आढळले. रक्तस्रावाचा स्ट्रोक सहसा अधिक घातक असतो, त्यामुळे हा सौदा फायद्याचा नाही. स्ट्रोकनंतर रुग्ण आधीच रक्त पातळ करणारी औषधे घेत असतो. त्यात डॉक्टरांना न सांगता अशा गोळ्यांची भर घालू नये.

वॉर्डात या आकड्यांचा खरा उपयोग कुठे होतो?

इतक्या मर्यादा सांगितल्यावर, डॉक्टर मग सीआरपी पुन्हापुन्हा का मागवतात, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर लिम्फोसाइट घटण्याच्या त्या गोष्टीत आहे. मोठ्या आघातानंतर मेंदू शरीराची प्रतिकारशक्ती काही दिवस दडपून ठेवतो. त्याच वेळी रुग्णाची गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते, त्यामुळे लाळ, पाणी, अन्न श्वासनलिकेत उतरते. लघवीसाठी नळी घातलेली असते. स्ट्रोकनंतर साधारण ३० टक्के रुग्णांना कुठला ना कुठला संसर्ग होतो आणि १० टक्क्यांना न्यूमोनिया, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसले आहे. प्रत्येकाला आधीपासूनच प्रतिजैविके देऊन हे टाळता येईल का, हेही तपासून झाले. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या सुमारे २,५०० रुग्णांच्या चाचणीत संसर्ग कमी झाले, पण रुग्ण अधिक चांगले झाले नाहीत.

म्हणून रोज किंवा एक दिवसाआड घेतलेल्या सीआरपीची चाल पाहतात. झटक्यामुळे वाढलेला आकडा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठून उतरू लागायला हवा. तो चौथ्या दिवशी पुन्हा चढू लागला, किंवा छोट्या स्ट्रोकमध्येच शंभराच्या पुढे गेला, तर डॉक्टर मेंदूचा विचार बाजूला ठेवून छाती ऐकतात, एक्स-रे काढतात, लघवी तपासायला पाठवतात, सलाइनची सुई जिथे टोचली आहे ती जागा पाहतात. त्या वेळी नातेवाइकांनी द्यावी अशी सर्वांत मोलाची माहिती कोणत्याही अहवालात नसते: पाणी पाजताना ठसका लागला का, आवाज घोगरा किंवा ओलसर झाला का, रात्रीपासून खोकला किंवा कफ वाढला का. गिळण्याची तपासणी होऊन परवानगी मिळेपर्यंत रुग्णाच्या तोंडात पाण्याचा घोटही देऊ नका, असे परिचारिका वारंवार बजावतात, ते याच न्यूमोनियाच्या भीतीने.